आपल्या गोंधळी-वासुदेवांना सरकारी धोरणापर्यंत नेताना: सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

दिवाळीच्या अमावास्येला हुलजंतीत ढोल घुमवणारे धनगर, तुळजापूरच्या वाटेवर संबळ खांद्याला लावून निघालेले गोंधळी, पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारात उभा राहणारा वासुदेव. यांतलं कुणी तुमच्या घरात, वस्तीत किंवा ओळखीत असेल आणि ‘यांच्यासाठी सरकारचं काहीतरी असेलच की’ असं तुम्हाला वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सरकारचं बरंच काही आहे. पण ते कलावंताच्या दारात चालत येत नाही. मध्ये कागद असतो, आणि त्या कागदावर कलेचं नाव कुणी, कसं लिहिलं यावर पुढचं सगळं ठरतं.

हे मी एका चुकीतून शिकले. पहिल्यांदा एका गोंधळी मामांचा, ज्येष्ठ कलावंतांना सरकारकडून मिळणाऱ्या मानधनाचा अर्ज भरला, तेव्हा कलाप्रकाराच्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. कुणीतरी सुचवलं म्हणून ‘भजन-कीर्तन’ लिहिलं. मुलाखतीत त्यांना अभंग म्हणायला सांगितलं. मामांनी जोगवा म्हटला, आणि तोही काय सुंदर म्हटला! अर्ज मात्र नामंजूर झाला, कारण कागदावर एक होतं आणि समोर दुसरंच. परत येताना एस.टी.त मामा एवढंच म्हणाले, “पोरी, आमच्या चौकाचं नाव लिहायचं होतंस.” त्या दिवसापासून अर्ज भरण्याआधी मी पेन खाली ठेवते आणि आधी विचारते.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

पहिला शब्द ‘धोरण’. भारताचं राष्ट्रीय सांस्कृतिक धोरण एकाच पुस्तकात बांधलेलं सापडणार नाही. ते संस्थांमधून आणि योजनांमधून चालतं. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी आणि १९५४ मध्ये साहित्य व ललित कला अकादमी उभ्या राहिल्या. दिल्लीपासून लांबच्या लोककलांसाठी १९८० च्या दशकात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं निघाली. महाराष्ट्र त्यांतल्या दोन केंद्रांत मोडतो, उदयपूरच्या पश्चिम क्षेत्रात आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्रात. राज्याचं स्वतःचं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आलं आणि २०२४ मध्ये नव्यानं मंजूर झालं. राज्यघटनेतलं कलम २९ तर या सगळ्याच्या आधीचं आहे. स्वतःची भाषा, लिपी, संस्कृती असलेल्या प्रत्येक समाजाला ती जपण्याचा हक्क त्यानं दिला आहे. कार्यालयात कुणी ‘हे तुमचं काय नाटक आहे’ असं म्हटलं, तर हे कलम शांतपणे सांगता आलं पाहिजे.

दुसरा शब्द ‘आदिवासी’. आदिम समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये स्वीकारला आणि भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. त्याचं ३१ वं कलम म्हणतं की आपल्या पारंपरिक कलांवर, कथांवर, खेळांवर त्या समाजाचाच ताबा असला पाहिजे. आपल्याकडे मात्र योजनांमध्ये ‘आदिवासी’ म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीत नाव असलेला समाज. पालघरचे वारली त्यात आहेत. आपल्या जिल्ह्यातले पारधीही त्यात आहेत. पण गोंधळी, वासुदेव, नंदीवाले भटक्या जमातींत येतात. कैकाडी आणि वडार आपल्या भागात विमुक्त जातींत येतात, बंजारेही विमुक्तांतच.

सोलापूरची अडचण नेमकी इथे आहे. ज्यांच्या कला सगळ्यांत जुन्या, त्यांतले बहुतेक जण आदिवासींच्या योजनांत बसत नाहीत. शास्त्रीय कलांच्या योजना तर त्यांच्यासाठी नव्हत्याच कधी. शिवाय आपल्या शहराच्या पोटात सेटलमेंट आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आणि पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी, आणि मधल्या वेळात गिरणीत काम. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून या जमाती ‘विमुक्त’. पण ज्यांच्या आजोबांनी हजेरीच्या वहीवर अंगठे उठवले, त्यांना सरकारी कागदाची आजही धास्ती वाटते. ‘सही का पाहिजे, कशाला पाहिजे’ असं कुणी दहा वेळा विचारलं तर चिडू नका. अकराव्यांदाही सांगा.

पहिलं पाऊल: नुसतं बसा आणि ऐका

पहिल्या भेटीला अर्ज नेऊ नका. वही न्या, पण ती पिशवीतच ठेवा. वस्तीतल्या जाणत्या माणसाला आधी भेटा आणि मगच कलावंताकडे जा. वयानं मोठ्यांना मामा, काका, मावशी, आक्का म्हणा. ‘तुम्ही कलाकार ना?’ असं विचारू नका, कारण बरेच जण स्वतःला कलाकार म्हणवत नाहीत. गोंधळी म्हणेल, ‘आम्ही देवीचे सेवक.’ वासुदेव म्हणेल, ‘आम्ही दान घेतो, नाव घेतो.’ त्यांचे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवा, पुढे तेच उपयोगी पडतात.

मामांकडून मला गोंधळाची मांडणी पहिल्यांदा नीट कळली. पाटावर नवा खण अंथरायचा. त्यावर मूठमूठ धान्याचा चौक भरायचा, मध्ये कलश, कलशावर नारळ. भोवती ज्वारीची ताटं नाहीतर ऊस उभे करून बांधायचे. मामांचा हात धान्य सोडताना जरा थरथरायचा, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. मग दिवटी पेटते, संबळ लागतो, तुणतुण्याची तार छेडली जाते आणि एकेका देवाला हाक जाते: तुळजापूरची भवानी आई, गोंधळा ये. पंढरपूरच्या विठोबा, गोंधळा ये. गण, आवाहन, मग आख्यान आणि पहाटे आरती. त्यांचं घराणं रेणुराई. कदमराई गोंधळ्यांची रीत वेगळी असते. हा फरक मी वहीत लिहिला, आणि दुसऱ्या अर्जात कलाप्रकारापुढे ‘गोंधळ (रेणुराई परंपरा), संबळवादन व आख्यान’ असं लिहिलं. मुलाखतीत काय विचारायचं, ते समितीलाही त्यावरून कळलं.

भाषाही नोंदवा. कैकाडी, पारधी, वडारी आणि बंजाऱ्यांची गोरबोली या घराघरांत जिवंत आहेत, आणि अक्कलकोटच्या बाजूला कितीतरी गाणी कन्नडमध्ये आहेत. गाणं ज्या बोलीत आहे तिचं नाव लिहा. ‘मराठी लोकगीत’ असं सरसकट लिहिलं की त्या बोलीचा एक पुरावा पुसला जातो.

दुसरं पाऊल: कागद

हे सगळ्यांत कंटाळवाणं काम, आणि सगळ्यांत महत्त्वाचंही. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा यांची प्रत्येक कलावंतासाठी एक प्लास्टिकची फाईल करा आणि ती त्यांच्याच घरी ठेवा, तुमच्याकडे नको. आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षर-अक्षर जुळतंय का ते पाहा. एका काना-मात्रेमुळे महिनोन्महिने मानधन अडकलेलं मी पाहिलं आहे.

जातीचा दाखला हा खरा डोंगर. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात. जो समाज तेव्हा गाढवावर बिऱ्हाड लादून फिरत होता, त्यानं १९६१ चा सातबारा कुठून आणायचा? तरी वाटा आहेत. चुलत्याच्या, आत्याच्या, आजोबांच्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असते, ती शोधा. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची जात पडताळणी झाली असेल तर ती वंशावळीसह लावा. काहीच नसेल तर गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करण्याची, मागणी लेखी करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवा. मानधन कलेसाठी आहे. तिथे कलेचा पुरावा लागतो. दाखल्याचं काम अडलंय म्हणून हा अर्ज थांबवून ठेवू नका.

तिसरं पाऊल: कलेचा पुरावा

नाटकवाल्याकडे कात्रणं असतात, गायकाकडे प्रमाणपत्रं असतात. चाळीस वर्षं घरोघरी गोंधळ घातलेल्या माणसाकडे काय असतं? त्याच्याकडे यजमान असतात. गोंधळी, वासुदेव, नंदीवाले यांची पिढ्यान् पिढ्यांची ठरलेली गावं आणि घरं आहेत. त्या गावांची यादी करा. चार-पाच सरपंचांकडून आणि दहा-बारा यजमान घरांकडून पत्रं घ्या: ‘आमच्या घरच्या लग्नांनंतरचा गोंधळ अमुक सालापासून यांच्याच घराण्याकडून होतो.’ तारीख, सही, शिक्का. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये संबळ वाजवतानाचा फोटो हमखास सापडतो, त्याची प्रत काढा. देवस्थानाच्या जत्रेत सेवा असेल तर पंचांचं पत्र घ्या. वाद्यांचे फोटोही जोडा, आणि वाद्य कुणी बनवलं, चामडं कुठून आणलं, हे दोन ओळींत लिहा.

चौथं पाऊल: कोणत्या दारात जायचं

सगळ्या योजना सांगत बसत नाही. सोलापुरात ज्यांचा उपयोग होतो, तेवढ्याच सांगते.

ज्येष्ठांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये मिळतात. वय ५० च्या वर, कलेत किमान १५ वर्षं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. दिव्यांगांना वयात सवलत आहे. दर वर्षी जिल्ह्यातून ठरावीकच कलावंत निवडले जातात, म्हणून एकदा नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. दोनदा नाकारल्यावर तिसऱ्यांदा मिळालेली माणसं आहेत.

कमावत्या वयातल्यांसाठी माझ्या मते सगळ्यांत उपयोगी दार म्हणजे जिल्हा माहिती कार्यालय. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी लोककला आणि पथनाट्य पथकांची यादी केली जाते, त्यासाठी जाहिरात निघते. यादीत आलेल्या पथकाला गावोगावी कार्यक्रम मिळतात आणि दर सरकारनं ठरवलेला असतो. पथकाची नोंदणी, सभासदांची यादी आणि बँक खातं आधीच तयार ठेवा, कारण जाहिरातीची मुदत थोडी असते.

हातानं वस्तू घडवणाऱ्यांना लोककलेच्या योजनांत शोधू नका, त्यांचं दार वेगळं आहे. कैकाड्यांच्या टोपल्या आणि कणग्या, वडारांचं दगडाचं काम, हे पीएम विश्वकर्मा योजनेत बसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपली-चटई-झाडू विणणारे आहेत आणि दगड फोडणारे-घडवणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, मग ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. अर्ज सीएससी, म्हणजे सामायिक सेवा केंद्रावर भरायचा, पहिली तपासणी ग्रामपंचायत किंवा महापालिका करते. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं, म्हणून कुणाच्या नावानं करायचा ते घरात आधी बसून ठरवू द्या. बहुतेक घरांत विणकाम बाई करते आणि अर्ज नवऱ्याच्या नावानं जातो. तिथे आपण बोललं पाहिजे.

पारधी कुटुंबांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही दोन दारं आहेत.

पाचवं पाऊल: मुलं

वासुदेवाच्या पोरानं टोपी घालायला नको म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही. पहाटे दारात उभं राहिल्यावर लोक ‘कामधंदा नाही का’ म्हणतात, हे त्यानं ऐकलेलं असतं. पण कला शिकण्यासाठी पैसे मिळतात हे कळलं की घरातली हवा बदलते.

दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राच्या, म्हणजे सीसीआरटीच्या, दोन शिष्यवृत्त्या लक्षात ठेवा. एक १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. तिच्या ६५० जागांपैकी १२५ पारंपरिक कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आणि १०० आदिवासी मुलांसाठी राखीव असतात. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांना हे सहसा ठाऊक नसतं, तेव्हा मुख्याध्यापकांना जाहिरात नेऊन दाखवा. दुसरी १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं महिना ५,००० रुपये. तिच्या कलाप्रकारांत लोककला, पारंपरिक आणि आदिम कला असा गट स्वतंत्र आहे. गुरूकडे पाच वर्षं शिकल्याचं पत्र लागतं, आणि गुरू म्हणजे स्वतःचा आजोबा असला तरी चालतं का, हे दर वेळी जाहिरात बारकाईनं वाचून ठरवा. खात्री नसेल तर त्याच परंपरेतल्या दुसऱ्या घराच्या जाणत्याकडे मुलाला आधीपासून पाठवा. यानं पूर्वीची देवाणघेवाणही पुन्हा सुरू होते.

सहावं पाऊल: मंचावर जाताना

महोत्सवाचं बोलावणं आलं की आनंद होतो. मग फोन येतो, ‘सात मिनिटांत आटपा.’ रात्रभराचा गोंधळ सात मिनिटांत बसत नाही. म्हणून आधी कलावंतांसोबत बसून ठरवा की मंचावर काय दाखवायचं आणि काय नाही. मामांनी सांगितलं, संबळाची जुगलबंदी दाखवू, एक कवन म्हणू, पण चौक भरायचा नाही. चौक भरला की देवीला बोलावलं, आणि बोलावलेल्या देवीला सात मिनिटांत उठवता येत नाही. मी हे आयोजकांना तसंच्या तसं लेखी कळवलं आणि त्यांनी ते मानलं.

मानधन, प्रवास, जेवण, मुक्काम हे सगळं लेखी घ्या. चित्रीकरण होणार असेल तर ते कुठे वापरणार हे विचारा. कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो आणि त्याच्या संमतीशिवाय ते चित्रित करून विकता येत नाही, हे कॉपीराइट कायद्यात आहे. कुणी अभ्यासक गाणी ध्वनिमुद्रित करायला आला तर एक प्रत घराण्याला मिळालीच पाहिजे, असं आधी ठरवा.

समाजाचं नाव कलेला जोडलेलं राहणं किती महत्त्वाचं, हे दोन उदाहरणांवरून कळतं. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ही कला त्याच भागाची असल्याची कायदेशीर नोंद, मिळालं ते डहाणूच्या आदिवासींच्या संघटनेच्या नावावर. आपल्या सोलापुरी चादरीला मानांकन आहेच, त्यामुळे ही कल्पना इथे कुणाला परकी नाही. दुसरं उदाहरण राजस्थानचे कालबेलिया. सापांचे खेळ करणारा हा भटका समाज, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांचा धंदा गेला. त्यांची गाणी आणि नाच २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तेही कालबेलिया याच नावानं. युनेस्कोच्या अर्जात त्या समाजाची संमती जोडावीच लागते. नंदीवाल्यांचं, पोतराजाचं, गोंधळाचं असं काही का होऊ नये?

सातवं पाऊल: रस्त्यावर अडवलं तर

हे कुठल्याच योजनेच्या माहितीपत्रकात नसतं, म्हणून सांगते. राज्याचं धोरण वासुदेवाला लोककलावंत म्हणतं. त्याच राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून भिक्षा मागणंही येतं. म्हणजे एकाच माणसाचा एका कार्यालयात सत्कार होऊ शकतो आणि दुसऱ्या कार्यालयातून त्याला उचलून नेलं जाऊ शकतं. हा विरोध धोरणानं सोडवायला हवा, आणि जिथे सूचना-हरकती मागवल्या जातील तिथे आपण तो मांडत राहिलं पाहिजे.

तोवर एवढं करा. मानधनाचा मंजुरी आदेश, माहिती कार्यालयाच्या यादीतलं नाव, सरपंचांचं पत्र, यांच्या लॅमिनेट केलेल्या प्रती झोळीत असू द्या. अर्जांत ‘भिक्षा’ लिहू नका. ‘सादरीकरण’ आणि ‘बिदागी’ लिहा. त्यांच्या तोंडचं ‘दान पावलं’ मात्र बदलायला लावू नका. ते गाण्याचा भाग आहे.

कधी जायचं

नवरात्र ते कोजागिरीपर्यंत गोंधळ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग मेपर्यंत लग्नसराई. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर लांब निघून जातात. आषाढ-श्रावणात, पावसानं वाटा बंद झाल्या की बरीचशी माणसं वस्तीवर सापडतात. फाईली तेव्हा करा. तहसीलला जायचं तर एका दिवशी दोघा-तिघांनाच न्या, दहा जणांना नाही, कारण एकाचा जरी कागद अडला तरी बाकीच्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

आणि अर्ज भरून झाला की अंगठा किंवा सही घेण्याआधी तो पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवा. मामांच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. संबळवादनापर्यंत आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, “माझ्या बापाचं नाव घाल तिथं. त्यांनीच शिकवलं.” रकान्यात जागा नव्हती. मागं एक कोरा कागद जोडला आणि त्यावर लिहिलं.